व्हॉट्सॲपवर आलेली 'एपीके' फाईल उघडली? आधी नेट बंद करा, मग हे वाचा

गावाच्या ग्रुपवर एक फाईल येते. नाव असतं 'पीएम किसान', 'आरटीओ चलान', 'लग्नपत्रिका' नाहीतर एखाद्या बँकेचं. पाठवणारा अनोळखी नसतो. आपला भाऊबंद असतो, मुलाचे गुरुजी असतात, दुकानदार असतो. ओळखीचं नाव दिसलं म्हणून आपण फाईल उघडतो. मग खात्यातून पैसे जातात आणि आपल्याच नंबरवरून तीच फाईल सगळ्या पाहुण्यारावळ्यांना पोहोचते.

नंबर ओळखीचा आहे म्हणून फाईल चांगली, असं समजू नका. ज्याच्या नंबरवरून ती आली, त्याचा फोन आधीच चोरांच्या हातात गेलेला असतो आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो.

ज्यांनी फाईल आत्ताच उघडली आहे, त्यांनी फोनचं नेट बंद करून सरळ खाली 'काढायचा क्रम' इथून वाचावं.

एपीके म्हणजे काय?

फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन तीन इंग्रजी अक्षरं असतात. फोटोला जे-पी-जी, कागदपत्राला पी-डी-एफ. ए-पी-के असेल तर ती अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवायची फाईल असते. लग्नपत्रिका बघायला ॲप बसवावं लागत नाही, ती फोटो, पीडीएफ नाहीतर व्हिडिओ म्हणून येते. पीएम किसानचं खरं ॲप प्ले स्टोअरवर आहे. चलान परिवहन खात्याच्या वेबसाईटवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. यातलं काहीच व्हॉट्सॲपच्या फाईलमधून बसवावं लागत नाही.

याला अळी का म्हणतात?

एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामला संगणकाच्या भाषेत 'वर्म' म्हणजे अळी म्हणतात. ही फाईल अगदी आपोआप पसरत नाही, प्रत्येक फोनमध्ये एकदा तरी माणसाचं बोट लागतं. पण बाकी वागणं अळीचंच. कपाशीचं बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं आणि आत शेंदरी अळी सरकी खात असते, तसा फोन वरून नीट चालतो आणि आतून पोखरला जातो.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. युरोपात 'फ्लूबॉट' नावाची अशीच अळी 'तुमचं पार्सल आलंय' अशा मेसेजमधून पसरली. ती फोनमधले नंबर चोरायची, त्यांना मेसेज पाठवायची आणि बँकेचे पासवर्ड उचलायची. ११ देशांच्या पोलिसांच्या मोहिमेत २०२२ साली तिचं जाळं तोडलं गेलं.

फोनमध्ये शिरल्यावर ती काय करते?

१. फाईल दाबली की फोन स्वतः अडवतो. 'अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, परवानगी द्यायची का?' असं विचारतो. इथे 'अलाव' दाबलं की दार उघडलं.

२. ॲप उघडल्यावर मेसेज वाचायची, कॉन्टॅक्ट बघायची, नोटिफिकेशन बघायची परवानगी मागतं. काही वेळा 'ॲक्सेसिबिलिटी' चालू करायला सांगतं. ही सोय अंध-अपंगांसाठी आहे. ती मिळाली की ॲपला स्क्रीनवरचं सगळं दिसतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात.

३. मग सरकारी दिसणारा खोटा फॉर्म येतो. नाव, आधार, एटीएम कार्डाचा नंबर, मुदत, पिन. यूपीआय पिन नव्याने बनवायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी लागतो. पहिल्या दोन गोष्टी आपणच लिहून देतो, तिसरी ते मेसेजमधून उचलतात. 'मी ओटीपी कुणाला सांगितलाच नाही' असं लोक म्हणतात ते खरंच असतं. ओटीपी ॲपने परस्पर पाठवलेला असतो.

४. ॲपचं चित्र स्क्रीनवरून गायब होतं. आपल्याला वाटतं उघडलंच नाही, विषय संपला. पण ते मागे चालूच असतं.

५. चोर आपल्या नंबरचं व्हॉट्सॲप त्यांच्या फोनवर सुरू करतात. त्याचा सहा आकडी कोडही मेसेजने येतो आणि मेसेज तर ते वाचतच असतात. मग आपल्या नावाने सगळ्या ग्रुपवर फाईल सुटते.

लक्षणं कोणती?

व्हॉट्सॲप आपोआप बंद होऊन पुन्हा नंबर मागतं. बँकेचे मेसेज येईनासे होतात. फोन रिकामा पडलेला असताना गरम होतो, बॅटरी आणि डेटा लवकर संपतो. कॉल येत नाहीत, दुसरीकडेच लागतात. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे कुणीतरी विचारतं, 'तू ही कसली फाईल पाठवलीस?'

काढायचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे. बरेच जण आधी ॲप शोधत बसतात आणि तेवढ्या वेळात खातं रिकामं होतं.

१. नेट तोडा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय बंद करा. सिम काढून घरातल्या साध्या बटणाच्या फोनमध्ये टाकलं तर आणखी चांगलं. मग ओटीपी आला तरी चोराला दिसत नाही.

२. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. नंबर एटीएम कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो. गुगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर टाकलेले असतात. कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

३. पुरावा ठेवा. आलेली फाईल, कुणाच्या नंबरवरून आली, किती वाजता, पैसे गेल्याचा मेसेज, या सगळ्याचे दुसऱ्या फोनने फोटो काढा. पुसापुशी त्यानंतर.

४. सेफ मोड. बऱ्याच फोनमध्ये पॉवरचं बटण दाबून 'पॉवर ऑफ' आलं की त्यावर बोट दाबून धरलं, की सेफ मोड विचारतो. यात बाहेरून बसवलेली ॲप चालत नाहीत, त्यामुळे अळी झोपलेली असते.

५. दिलेल्या परवानग्या काढा. सेटिंगमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन', 'ॲक्सेसिबिलिटी' आणि 'नोटिफिकेशन ॲक्सेस' शोधा. सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत नाव टाकलं की सापडतात. अनोळखी नाव दिसलं की बंद करा. मेसेजचं मूळ ॲप बदललं गेलं असेल तर परत पहिलं निवडा.

६. ॲप काढा. सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत जा. चित्र नसलेलं, नाव नसलेलं किंवा त्या दिवशी बसवलेलं ॲप शोधून 'अनइन्स्टॉल' करा. बटण फिकट दिसत असेल तर पाचवी पायरी पुन्हा करा. मग डाउनलोड फोल्डर आणि व्हॉट्सॲपच्या डॉक्युमेंटमधली मूळ फाईलही पुसा.

७. तपासणी. फोन पुन्हा नेहमीसारखा चालू करा. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून 'प्ले प्रोटेक्ट' उघडा आणि स्कॅन करा.

८. ॲप सापडत नसेल किंवा शंका राहिली तर फॅक्टरी रीसेट. फ्लूबॉटच्या वेळी युरोपच्या पोलिसांनीही हाच सल्ला दिला होता. फोटो आणि नंबर आधी बाजूला काढून ठेवा. ॲप मात्र जुन्या बॅकअपमधून आणू नका, प्ले स्टोअरवरून नव्याने घ्या.

९. कॉल वळवलेले काढा. सिम फोनमध्ये टाकून ##००२# डायल केलं की वळवलेले सगळे कॉल रद्द होतात.

१०. व्हॉट्सॲप परत घ्या. फोन स्वच्छ झाल्यावर आपला नंबर टाकून पुन्हा सुरू करा, चोराच्या फोनवरचं बंद पडेल. 'लिंक्ड डिव्हाइसेस' तपासा आणि 'टू स्टेप व्हेरिफिकेशन'चा पिन लावा. चोराने आधीच पिन लावला असेल तर सात दिवस थांबावं लागतं.

११. पासवर्ड शेवटी बदला. जीमेल, बँक, यूपीआय पिन सगळे. आजारी फोनवरून बदलले तर नवे पासवर्डही चोरालाच मिळतात.

पैसे गेले असतील तर

ताबडतोब १९३० वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन आहे. तक्रार वेळेत गेली तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच गोठवता येतात. चोर पैसे झटपट पुढच्या खात्यात सरकवतात, म्हणून 'उद्या तालुक्याला जाऊन बघू' असं करू नका. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साईटवरही करता येते.

रिझर्व्ह बँकेने २०१७ साली यावर नियम घालून दिले. चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. माहिती आपण स्वतः दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर पैसे गेले तर ते बँकेने भरायचे. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी असे नियम आले. म्हणून बँकेला कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. त्या कागदावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

ग्रुपवर सांगायला लाजू नका

फसलेला माणूस बहुतेक वेळा गप्प बसतो. लोक हसतील, घरात बोलणी बसतील असं वाटतं. पण तो गप्प असतो तोपर्यंत फाईल त्याच्या नावाने फिरत असते. दुसऱ्याच्या फोनवरून ग्रुपवर एवढंच टाका: 'माझ्या नंबरवरून आलेली फाईल उघडू नका, माझा फोन चोरांच्या ताब्यात होता.' ग्रुप ॲडमिनने ती फाईल सगळ्यांसाठी पुसावी. ज्यांना वाचता येत नाही अशा घरच्या म्हाताऱ्या माणसांचा फोन आपण हातात घेऊन एकदा बघावा.

आणि पुढच्या वेळी अशी फाईल आली तर पाठवणाऱ्याला उघडण्याआधी साधा कॉल करा. 'तूच पाठवलीस का?' एवढंच विचारा. तो 'नाही' म्हणाला तर तुमचे पैसे वाचले आणि आपला फोन बिघडलाय हे त्यालाही कळलं.