कारध्याचा उतार व पूर्वेकडील डोंगरी मुलूख

वैनगंगेच्या पूर्व तीरावर, भंडारा शहराच्या अगदीं समोर, कारधा नांवाचें गांव आहे. नागपूरहून साठएक किलोमीटर पूर्वेस आलेल्या वाटसरूनें भंडारा मागें टाकून नदी ओलांडली म्हणजे जें पहिलें गांव लागतें तें हेंच. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचें नांव क्वचितच येतें. वर्तमानपत्रांत मात्र तें दर पावसाळ्यांत येतें, कारण वैनगंगेच्या पुराची पातळी कारध्याच्या पुलापाशीं मोजतात. तेथें २४५.५० मीटर ही धोक्याची खूण होय. मोठ्या पुरांत जुना ठेंगणा पूल पाण्याखालीं जातो व रहदारी उंच पुलावरून चालते.

हिंवाळा लागला म्हणजे याच वाटेनें निराळी मंडळी जाऊं लागतात. कोका, नागझिरा व नवेगांव येथील अरण्यें, गायखुरीचे डोंगर, तळ्यांवर उतरणारे दूरदेशचे पक्षी हें सर्व पाहण्याची हौस ज्यांस आहे त्यांना कारधा म्हणजे डोंगरी मुलुखाचा दरवाजा आहे. नागझिऱ्याचें अभयारण्य १९७० सालीं व नवेगांवचें राष्ट्रीय उद्यान १९७५ सालीं झालें. कोक्याचें अभयारण्य २०१३ चें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. आम्हीही गेल्या हिंवाळ्यांत कांहीं तरुण मित्रांसह या वाटेनें गेलों. पुलावर गाडी आली तेव्हां त्यांपैकीं एकजण सहज म्हणाला, “इतिहास मागें राहिला, आतां नुसता निसर्ग.” हें वाक्य आमच्या मनांत सलत राहिलें. इतिहासाची आवड असणारे पुष्कळ विद्वानही असेंच धरून चालतात, आणि नदीच्या पलीकडील कागद कोणी शोधीत नाहीं याचें कारण हा समजच होय. तो चुकीचा आहे, इतकेंच येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम शिलालेखाचा पुरावा. रतनपूरचा कलचुरि राजा पहिला जाजल्लदेव याचा कलचुरि संवत् ८६६, म्हणजे इ. स. १११४, चा लेख प्रसिद्ध आहे. कीलहॉर्न यांनीं तो एपिग्राफिआ इंडिकाच्या पहिल्या खंडांत छापिला, व पुढें १९५५ सालीं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं आपल्या कलचुरि लेखसंग्रहांत घेतला. जाजल्लदेवास दरसाल खंडणी देणाऱ्या मंडलांची यादी त्यांत आहे, व तींत वैरागर, लांजिका व भाणार हीं नांवें लागोपाठ येतात. वैरागर तें सध्यांच्या गडचिरोली जिल्ह्यांतील वैरागड, लांजिका तें बालाघाट जिल्ह्यांतील लांजी, आणि भाणार तें भंडारा, असें मानितात. भाणें म्हणजे ताट, व भंडाऱ्याचीं पितळी भांडीं प्रसिद्ध, यावरून गांवाच्या नांवाची एक व्युत्पत्ति सांगतात. ती गोड आहे, पण तिच्यावर आम्ही फारसा भार ठेवीत नाहीं. महत्त्वाची गोष्ट ही कीं, या तिहींपैकीं लांजी व वैरागड हीं दोन्ही वैनगंगेच्या पूर्वेस आहेत. ज्यास आज आपण निर्मनुष्य रान म्हणतों त्याचीं नऊशें वर्षांपूर्वीं मंडलें पाडलेलीं होतीं, आणि मंडलाधिपति वर्षासनें भरीत होते. खंडणी झाडांवर बसत नाहीं. ती पिकावर बसते.

रस्त्याची गोष्टही तशीच. डॅनिअल रॉबिन्सन लेकी नांवाचा इंग्रज १७९० सालीं कटकाहून बोडासांबर व डोंगरगड या वाटेनें नागपुरास आला. त्याचें प्रवासवृत्त १८०० सालीं लंडनास छापिलें गेलें, व त्याच्या शीर्षकांतच दक्षिणेकडील बंजारी घाटाचा उल्लेख आहे. घाटाला बंजाऱ्यांचें नांव पडतें तें दोनचार तांडे गेल्यानें नव्हे. मीठ व धान्य लादलेल्या बैलांची ये-जा पिढ्यान् पिढ्या झाल्यावांचून तसें होत नाहीं. नागपूर-रायपूर हमरस्ता भंडाऱ्यास नदी ओलांडी. पूल होण्यापूर्वीं उन्हाळ्यांत उतार व पावसाळ्यांत नाव, हाच त्याचा क्रम. इंग्रजांनीं या रस्त्यास ग्रेट ईस्टर्न रोड म्हटलें. पुढें १८८० नंतर छत्तीसगडाकडे रेल्वे गेली ती वरठीवरून तुमसरच्या बाजूनें, उत्तरेकडून. भंडाऱ्याचें स्टेशनसुद्धां गांवापासून दूर वरठीस झालें, आणि कारध्याच्या उतारावरील मोठा व्यापार तिकडे वळला. मोटारी आल्यावर रस्ता पुन्हा जागा झाला, पण मधल्या काळांत जुनी आठवण पुसट झाली ती झालीच.

आतां मुख्य पुरावा, आणि तो डोळ्यांनीं दिसणारा आहे. कारधा सोडून लाखनी, साकोली करीत पूर्वेस जातांना दोन्ही बाजूंस तळीं लागतात. मोठीं तळीं, लहान तळीं, शेतांतील बोड्या. एकाची पाळ संपते न संपते तों दुसऱ्याची लागते. हीं सर्व माणसांनीं बांधलेलीं आहेत. नवख्या माणसास ‘मामा तलाव’ हा शब्द ऐकून हा कोणाचा मामा असा प्रश्न पडतो. तें ‘माजी मालगुजारी’ या शब्दांचें संक्षिप्त रूप आहे. बांधणारांत प्रमुख कोहळी जातीचे लोक. चांद्याच्या गोंड राजानें आपल्या पूर्वजांस काशीहून आणिलें, अशी त्यांची परंपरा रसेल व हिरालाल यांनीं १९१६ च्या ग्रंथांत नोंदविली आहे. काशीचा भाग वंशगौरवाचा असेल. राजाश्रयाचा भाग मात्र खरा दिसतो. जो तलाव बांधील त्यास त्याखालीं भिजणारी जमीन द्यावयाची, ही चांद्याच्या राजांची रीत तुकूम या नांवानें ओळखली जाते. चंद्रपूर शहराच्या एका वस्तीस आजही तुकूम हेंच नांव आहे.

या कामांत कसब काय होतें तें पाळीवर चालल्यावांचून कळत नाहीं. ओढ्याच्या दोहों बाजूंच्या टेकड्या जेथें सर्वांत जवळ येतात नेमकी तीच जागा धरलेली असते. पाळ सरळ नसते; जमिनीच्या चढउताराप्रमाणें वांकडी घेतलेली असते, म्हणजे माती थोडी लागते व पाणी पुष्कळ राहतें. पाणी सोडण्यास तुडूम ठेवितात. जादा पाणी निघून जाण्याची वाट पाळीपासून दूर, कठीण जमिनीवर असते, म्हणजे पाळ खचत नाहीं. एका तळ्याचें ओसंडलेलें पाणी खालच्या तळ्यांत, त्याचें त्याखालच्या बोडींत. हें सर्व समतल मापण्याच्या यंत्रावांचून केलेलें आहे.

नवेगांवबांध हा याचा कळस होय. नांवांतच बांध आहे, तरी प्रवासी त्यास नैसर्गिक सरोवर समजतात! सात बहिणी म्हणून प्रसिद्ध असलेल्या डोंगरांमधील खिंडी बांधांनीं बंद करून हें जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें केलें, असें सांगतात. जुन्या गॅझेटियरांत त्याचा परीघ १७ मैल दिला आहे. कोलू पाटील पुढें कोलासुर या नांवानें देव झाला. ज्यानें पाणी अडविलें त्यास लोकांनीं देव्हाऱ्यांत बसविलें हें ठीक, पण त्यास असुर कां म्हटलें, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आमच्या मतें एवढें मोठें काम माणसाचें नव्हे असें पुढच्या पिढ्यांस वाटलें असावें. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) हे वनखात्याच्या नोकरींत येथें राहिले, व ‘नवेगावबांधचे दिवस’ हें त्यांचें पुस्तक वाचून पुष्कळ लोक इकडे वळले. तेथील पक्षी ज्या पाण्यावर उतरतात तें कोहळ्यांचें आहे. महाराष्ट्रांत सारस पक्ष्यांचीं जोडपीं आज मुख्यतः याच टापूंत उरलीं आहेत, आणि तीं राहतात धानाच्या बांध्यांत व तळ्यांच्या कांठीं, म्हणजे माणसानें केलेल्या भूमींत.

किल्ल्यांविषयीं थोडक्यांत. देवगडचा बख्त बुलंद याच्या अमलांत राजाखान पठाण नांवाचा सरदार या बाजूस होता. तुमसरजवळील अंबागड त्याचा. नवेगांवाजवळील प्रतापगड व साकोली तालुक्यांतील सानगडीचा किल्ला हेही त्याच्याच नांवावर सांगतात. नागपूरकर भोसल्यांकडे हा मुलूख आल्यावर ते त्यांच्या ताब्यांत गेले. य. मा. काळे यांच्या ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ (१९३४) यांत राजकीय भाग पाहावा. तटांचीं मापें घेणारे आपल्यांत पुष्कळ आहेत, पाळींचीं घेणारे नाहींत, म्हणून येथें जास्त लिहीत नाहीं.

खरी चिंता कागदांची आहे. तलावाची सनद, पाणीवाटपाचा ठराव, दुरुस्तीच्या मजुरीचा हिशेब हे कागद पाटलांच्या व मालगुजारांच्या घरीं असावयाचे. इ. स. १८६० नंतरच्या बंदोबस्तांत गांवाच्या चालीरीती वाजिब-उल-अर्जांत उतरल्या, त्यांत पाण्याचे हक्क आहेत. पण ती सरकारी नोंद झाली. घरचे कागद मालकीचा आधार म्हणून जपले जात. १९५१ सालीं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि एका दिवसांत त्या कागदांची किंमत शून्य झाली. ज्याचा कोर्टांत उपयोग नाहीं तो रुमाल माळ्यावर टाकावयाचा व घर पाडतांना रद्दींत द्यावयाचा, हें तेव्हांपासून चाललें आहे. त्यांत वैनगंगेवर गोसेखुर्दचें धरण झालें. १९८८ सालीं त्याची कोनशिला बसली. पुढें बुडीतांतील गांवें उठून नव्या वसाहतींत गेलीं. घर हलवितांना माणूस भांडीं नेतो, देव नेतो. मोडी वाचतां येत नसेल तर रुमाल नेईलच असें नाहीं. अरण्यांतील गांवें उठविलीं गेलीं तेथेंही हेंच. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या पुरांत भंडारा व कारधा या दोन्ही तीरांवरील घरांत पाणी शिरलें, हें अलीकडचेंच आहे.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, पक्षी किंवा वाघ पाहण्यास या दरवाजानें जाणें झाल्यास मोडी जाणणारा एक सोबती बरोबर असावा. मुक्कामाच्या गांवीं तलाव कोणी बांधला असें विचारावें. किल्ल्याविषयीं विचारिल्यास दंतकथा मिळते, तलावाविषयीं विचारिल्यास घराण्याचें नांव मिळतें. कागद विकत मागूं नये. मालकाच्या ओसरीवरच छायाचित्र घ्यावें, व नकलेवर गांव, तलाव, पाळीची दिशा व खालीं भिजणारें शिवार लिहावें, कारण तलावाच्या नांवावांचून असा कागद पुढें कोठें लावावा तें समजत नाहीं. येत्या पावसाळ्यापूर्वीं लाखनीपर्यंतचीं गांवें पाहण्याचा आमचा बेत असून आरंभ कारध्यापासून करणार आहों.