पीसीओएस आणि मन : उदासी, चिडचिड वाढली तर काय करायचं?

पाळी लांबते, वजन वाढतं, हनुवटीवर केस येतात. पीसीओएसची ही लक्षणं चारचौघांना कळतात, मनावरचा ताण मात्र आतच राहतो. प्रजननक्षम वयातल्या दर १०० पैकी सुमारे १० ते १३ महिलांना पीसीओएस असतो. त्यांच्यात नैराश्य आणि चिंता इतर महिलांपेक्षा जास्त आढळते. त्यात 'किती जाड झालीस', 'गोड बातमी कधी?' अशा प्रश्नांची भर पडते.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, पीसीओएस असलेल्या प्रत्येक महिलेची नैराश्य आणि चिंतेसाठीही तपासणी व्हायला हवी. डॉक्टरांनी विचारलं नाही, तर आपणहून सांगा.

काय करता येईल?

- नियमित व्यायाम करा. वजनाचा काटा हलला नाही, तरी मनाला फायदा होतो.
- हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्यावर मूड बिघडला, तर त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोला.
- दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.
- जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत, मराठीतही बोलता येतं.