पायगाडीची निवांत वाट

रस्ते हौसेखातर जन्माला येत नाहीत. कुणाला कापूस बाजारात न्यायचा असतो, कुणाला भरलेली नाव उलट्या प्रवाहात ओढून न्यायची असते, कुणाला आजारी माणूस वैद्याच्या दारी पोचवायचा असतो. अशा निकडीतून वाट पडते. पुढे ती निकड सरते आणि वाट ओस पडते. मग पुष्कळ वर्षांनी एखादा सायकलवाला घंटी वाजवीत तिच्यावरून जातो आणि म्हणतो, "वा! ना मोटार, ना धूळ, ना भोंगा. काय रम्य रस्ता आहे!" त्या रम्यतेखाली कुणाकुणाचा घाम जिरला आहे, हे त्याला कोण सांगणार? आज वाचकांना मी तेच थोडेसे सांगणार आहे.

मारेगावसारख्या ठिकाणी राहून असला विषय सुचावा, याचे काहींना नवल वाटेल. आमचे हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, वणी-करंजी रस्त्यावरचे. एका अंगाला वर्धा नदीचे खोरे, दुसऱ्या अंगाला सागवानाच्या टेकड्या, मधल्या काळ्या रानात कापूस आणि तूर. सायकलवरून भटकायला आणखी काय हवे? नदी आहे, डोंगर आहे. नाही ती एवढीच, की ट्रकच्या धास्तीवाचून कोसभर चालवता येईल अशी सलग वाट.

अशी वाट एके काळी मुद्दाम करावी लागत नसे. १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम शहरी कार्ल द्राइसने दोन चाकांची लाकडी गाडी काढली. तिला पायडल नव्हते. जमिनीला पाय मारीत ती पुढे रेटायची. १८८५ साली स्टार्लीने साखळीची 'रोव्हर' बाजारात आणली आणि १८८८ साली डनलॉपने चाकाला हवेचे रबर चढवले. तेव्हापासून सायकलचे आजचे रूप ठरले. आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी तिला 'पायगाडी' असे मोठे नेमके नाव दिले. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचे सहा पारशी तरुण या पायगाडीवर बसून जगाच्या प्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. वाळवंटे आणि जंगले त्यांच्या वाटेत आली; पण भरधाव मोटारींच्या रांगा काही आल्या नाहीत. पुढे मोटारी वाढल्या, रस्ते त्यांचे झाले आणि सायकलवाला कडेच्या गटाराकडे सरकत गेला. तेव्हा कुठे 'निवांत वाट' ही शोधायची वस्तू झाली.

ती सापडली कुठे? टाकून दिलेल्या वाटांवर. युरोपातल्या डॅन्यूब नदीचेच पाहा. आगबोटी येण्यापूर्वी मालाच्या नावा प्रवाहाविरुद्ध घोड्यांकडून ओढून नेत. त्यासाठी काठाने घोडवाट बांधलेली होती. वाफ आली, घोडे गेले, वाट उरली. आज जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापर्यंत सुमारे ३०० किलोमीटर लोक सायकलने जातात, त्यातला बराच भाग या घोडवाटेवरचा आहे. कडेला द्राक्षांचे मळे, डोंगरावर जुने किल्ले आणि मठ, मध्ये नदी. आजोबा आणि नातू जोडीने चाललेले असतात.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एल्रॉय ते स्पार्टा हा आगगाडीचा मार्ग बंद पडला. १९६५ साली तो राज्याने विकत घेतला आणि रूळ गेलेल्या त्या ५१ किलोमीटरांवर सायकलची वाट केली. तिच्यावर तीन बोगदे आहेत. सर्वांत लांब बोगदा जवळजवळ पाऊण मैलाचा. त्यात लोक उतरतात, बत्ती लावतात आणि सायकल हातात धरून चालतात. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरी १९७७ साली काही सायकलप्रेमींनी संस्था काढली आणि १९७९ पासून फावडी-घमेली घेऊन ब्रिस्टल ते बाथ या बंद लोहमार्गावर स्वतःच्या हाताने वाट बांधायला घेतली. १९८६ पर्यंत ती पुरी झाली.

घोडवाट काय आणि लोहमार्ग काय, दोन्ही सायकलला इतके का मानवतात? कारण साधे आहे. जड ओझे ओढणाऱ्याला चढ परवडत नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक चढणीला घसरते, म्हणून इंजिनिअर डोंगर फोडील, दरीत भराव घालील, पण उतार सौम्यच ठेवील. नदी तर आपणहून सौम्य उतार शोधीत जाते. इंजिनाच्या आणि घोड्याच्या दमाची ही काळजी पुढे साठीच्या माणसाच्या गुडघ्यांना उपयोगी पडते. डोंगरात राहूनही डोंगर चढावा लागत नाही, ही त्यातली गंमत.

आमच्या जिल्ह्यातही असा एक मार्ग आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही सुमारे ११३ किलोमीटरची अरुंद लोहवाट १९०३ साली सुरू झाली. किलिक-निक्सन या विलायती कंपनीचे तिच्यामागे भांडवल. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मुख्य मार्गावर पोचवायचा, तिथून मुंबई आणि बोटीने मँचेस्टर. मँचेस्टरातच १९२१ साली घडवलेले वाफेचे इंजिन तिने १५ एप्रिल १९९४ पर्यंत वापरले. लोकांनी तिला लाडाने 'शकुंतला' म्हटले. दुष्यंत विसरला, आणि पुढे रेल्वेही विसरली. गेल्या दशकात गाडी थांबली ती थांबलीच.

शहरातले कुणी म्हणतील, मग करा तिची सायकलवाट! परंतु तिच्या काठच्या गावकऱ्याला विचारा. त्याला गाडी हवी आहे. रुंद रुळांची, वेळेवर येणारी, गरिबाला परवडणारी. वर्षानुवर्षे तो तीच मागणी करीत आहे. त्याच्या गाडीच्या जागेवर आपण सहलीचा आराखडा मांडणे मला तरी शोभत नाही. विस्कॉन्सिनमध्ये मार्गाची निकड संपली होती. इथे ती संपलेली नाही. शिवाय शकुंतला मारेगावला कधी शिवलीही नाही.

मग आमच्या वाट्याला काय? आमच्या वाट्याला पांदण. शेताशेतांतून, दोन्ही बाजूंच्या बोरी-बाभळींमधून जाणारी ही बंडीची वाट प्रत्येक गावाला आहे. गावनकाशा उघडून पाहा. दुहेरी तुटक रेषांनी ती दाखवलेली असते. बैलांनी ओझे ओढायचे, म्हणून तीही शक्यतो उभा चढ टाळते. चाकोरी या शब्दाला आपण उगीच नावे ठेवतो. पांदणीत सायकल चालवणाऱ्याला चाकोरीच तारते.

अर्थात पांदणीचे गोडवे गाताना खरे ते सांगावे. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी लिंपते की मडगार्डात गोळा होऊन सायकल जागच्या जागी उभी राहते. काडीने कोरीत बसावे लागते. दिवाळीच्या सुमारास ती वाळू लागते आणि मग वाट उघडते. दुसरी गोष्ट वाघाची. आमच्या मुलखात तो गोष्टीतला नाही. पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचे अभयारण्य आहे. राळेगाव-पांढरकवडा भागात माणसे मारल्याचा आरोप असलेली वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारण्यात आली. रानाकडेच्या वाटेने पहाटे आणि सांजवेळी एकट्याने जाऊ नये, हे इथे पोरही सांगते.

सायकल ही केवळ सहलीची वस्तू नव्हे, हेही याच मुलखाने दाखवले आहे. वर्धा ओलांडली की वरोरा, तिथले आनंदवन. सत्तरी ओलांडलेल्या बाबा आमट्यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली, ती तरुण मुलामुलींना सायकलवर बसवून. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना स्वतः सायकल चालवता येत नव्हती. ते गाडीतून आडवे होऊन प्रवास करीत आणि पोरे पायडल मारीत. मोटारीत बसून जाणाऱ्याला देश दिसतो, सायकलवाल्याला तो भेटतो.

आणि आज आमच्याकडे सर्वांत नेमाने सायकल चालवते कोण? शाळेत जाणारी मुलगी. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. पोडावरची, वाडीवरची मुलगी आठवी-नववीला गावात येते ती त्या सायकलवर. एका बाजूला तिची वेणी आणि दप्तर, दुसऱ्या बाजूला दहा चाकांचा ट्रक. आईचा जीव त्या रस्त्यावर टांगलेला असतो. आणि एखादे दिवशी बाप म्हणतो, पुरे झाली शाळा. वाहनांवाचूनच्या वाटेची खरी निकड इथे आहे.

त्यासाठी परदेशी नमुने आणायला नकोत. पांदण आहे, ती मोकळी हवी. कुठे कुणी ती नांगरून शेतात घेतली आहे, कुठे काट्या घालून बंद केली आहे. जुन्या वाटेचा अडथळा काढण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदाराला दिलेला आहे. बांधावरून वाट देण्याची तरतूद १९६६ च्या महसूल संहितेत आहे. २०२१ साली शासनाने पाणंद रस्त्यांची योजनाही काढली. मुरूम पडला, दोन्ही बाजूंना चर खणले, एखाद्या नाल्यावर रपटा बांधला, की बंडीही जाईल, सायकलही जाईल.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुटीत गावी गेलात, तर फराळ झाल्यावर तलाठ्याकडचा गावनकाशा एकदा पाहून या. आपली पांदण कुठून कुठे जाते ते बघा आणि घरातल्या पोरांना सायकली घेऊन तिच्यावर धाडा. वाघाच्या मुलखात असाल तर उन्हं चढल्यावर आणि सोबतीने. जिच्यावर रोज चाक फिरते, ती वाट नांगरायला कुणाचा हात सहसा धजत नाही.