समुद्रावरचा रिकामा दिवस

क्रूझ जहाजाच्या कार्यक्रमपत्रिकेत बंदरांच्या नावांमध्ये एखादा दिवस असा येतो, की त्याच्यासमोर कोणत्याही गावाचे नाव नसते. 'समुद्रावर' एवढाच शब्द तेथे छापलेला असतो. त्या दिवशी कोठे उतरायचे नसते, काही पाहायचे नसते, कोणाला भेटायचे नसते. उशिरा उठावे, न्याहारी लांबवावी, डेकवरच्या आरामखुर्चीत पुस्तक उघडे ठेवून क्षितिजाकडे पाहत बसावे आणि संध्याकाळी सूर्य पाण्यात उतरताना कठड्याशी उभे राहावे, एवढाच त्या दिवसाचा उद्योग. कित्येक जाणते प्रवासी बंदरांपेक्षा याच दिवसाची अधिक वाट पाहतात. पावसाळा सरला की मुरगावच्या धक्क्याला अशी जहाजे लागतात आणि आम्ही गोमंतकीय ती किनाऱ्यावरून पाहतो. पाहताना एक प्रश्न मनात उभा राहतो. समुद्रावरचा रिकामा दिवस माणसाला सुखाचा वाटू लागला तो केव्हापासून, आणि ते सुख तबकात घालून त्याच्यापुढे कोणी ठेवले?

मानवाच्या इतिहासाचा बहुतेक काळ समुद्रावरचा दिवस हा सोसण्याचा दिवस होता. वारा पडला की शिडाचे जहाज जागच्या जागी खिळून राही, आणि पिंपातले पाणी मात्र रोज कमी होत जाई. आपल्याकडे या भीतीला धर्मशास्त्राचीही जोड होती. बौधायन धर्मसूत्राने पातित्य आणणाऱ्या कर्मांत समुद्रप्रवासाची गणना केली आणि पुढील निबंधकारांनी त्याला कलिवर्ज्यांच्या यादीत बसवले. अर्थात ही बंदी पोथी मानणाऱ्यांपुरती होती. गाबीत, खारवी, भंडारी, दालदी यांच्या पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर गेल्या. शिवाजी महाराजांचे आणि पुढे आंग्र्यांचे आरमार अशाच दर्यावर्दी लोकांच्या बळावर उभे राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरपेशा हिंदी माणूस आगबोटीवर चढू लागला, तरी त्याला तेथे विसावा लाभला असे म्हणता येत नाही. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. जेमतेम १८ वर्षांच्या त्या मुलीला हे दोन महिने म्हणजे वैद्यकविद्या आणि आपण यांच्यामधले ओलांडायचे अंतर होते. १८८८ मध्ये मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेला निघाले ते जातीचा बहिष्कार पत्करून. इंग्रजीत बोलण्याचा संकोच आणि जेवणात काय असेल याची धास्ती, यांमुळे ते बहुतेक वेळ खोलीतच राहत आणि सोबत आणलेल्या मिठाई-फळांवर भागवीत, असे त्यांनीच आत्मकथेत सांगितले आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड १८८७ मध्ये प्रथम युरोपला गेले आणि त्यानंतर वारंवार जात राहिले. राजाच समुद्र ओलांडतो हे पाहून मराठी समाजातील भीड काहीशी मोडली, पण समुद्र अजून 'ओलांडण्याचीच' वस्तू होता.

याच सुमारास युरोपात मात्र एक वेगळा विचार आकार घेत होता. १८४० मध्ये सनद मिळालेल्या 'पेनिन्सुलर अँड ओरिएंटल' या आगबोट कंपनीने, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या तोंडी असलेल्या 'पी अँड ओ'ने, १८४४ साली भूमध्य समुद्रातील फेरीसाठी कादंबरीकार थॅकरे यांना विनामूल्य प्रवास दिला. त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि ते १८४६ मध्ये प्रसिद्ध झाले. लेखकाला फुकट नेऊन त्याच्याकडून वर्णन मिळवण्याची ही रीत आज आपल्याला परिचित वाटेल. तरीही या फेरीचे आकर्षण अथेन्स, जेरुसलेम, कैरो हेच होते. बोट हे तेथे पोचण्याचे वाहन.

वाहनालाच मुक्काम बनवण्याची कल्पना खऱ्या अर्थाने रुजवली ती हँबुर्गच्या आल्बर्ट बालिन यांनी. परदेशी स्थायिक होण्यास निघालेल्या गरिबांची तिकिटे काढून देणाऱ्या एका ज्यू दलालाच्या घरी १८५७ मध्ये त्यांचा जन्म झाला. पुढे ते 'हँबुर्ग–अमेरिका' कंपनीच्या कारभारात आले. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळलेला असे, प्रवासी घटत, आणि मोठमोठी जहाजे धक्क्याला बांधून ठेवण्याचा खर्च मात्र चालूच राही. हे रिकामे जहाज उबदार समुद्रात फिरवून आणावे, अशी तोड त्यांनी काढली. सहकाऱ्यांना ती वेडगळ वाटली. २२ जानेवारी १८९१ रोजी 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज २४१ प्रवाशांना घेऊन कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राकडे निघाले. स्वतः बालिनही पत्नीसह त्यावर होते. सुमारे दोन महिन्यांनी ते परतले तेव्हा हा प्रयोग यशस्वी ठरला होता. क्रूझच्या सुखाचा उगम असा हिशेबाच्या वहीत आहे. त्यातला उपरोधही ध्यानात घेण्याजोगा आहे: उरलेल्या वर्षात ज्या कंपनीची जहाजे पोटासाठी देश सोडणाऱ्यांना तळाच्या डेकवर दाटीवाटीने नेत, तिनेच श्रीमंतांना उद्देशहीन प्रवासाची गोडी लावली.

त्यानंतर केवळ विहारासाठी बांधलेले 'प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ' हे जहाज १९०० मध्ये पाण्यात उतरले. त्यावर सर्व खोल्या पहिल्या वर्गाच्या होत्या आणि जहाजाचा आकार जेमतेम ४,४०० टनांचा. डिसेंबर १९०६ मध्ये जमैकाजवळ दीपगृह ओळखण्यात चूक होऊन ते खडकावर चढले. प्रवासी सुखरूप राहिले. कप्तानाने मात्र आपल्या खोलीत जाऊन गोळी झाडून घेतली. विहाराच्या जहाजावरही समुद्र हा समुद्रच असतो, आणि त्याचे ओझे प्रवाशाच्या खांद्यावर नसते, याची ही पहिली मोठी आठवण म्हणावी लागेल.

बालिन यांची युक्ती साऱ्या जगाची रीत झाली ती मात्र विमानांमुळे. २६ ऑक्टोबर १९५८ रोजी पॅन अमेरिकन कंपनीच्या बोइंग ७०७ विमानाने न्यूयॉर्क–पॅरिस सेवा सुरू केली. ज्या अंतराला जहाजाला पाच-सहा दिवस लागत ते काही तासांवर आले आणि दहा-पंधरा वर्षांत प्रवासी जहाजांचा जुना धंदा बसला. घाई असलेला माणूस आकाशात गेला; समुद्रावर उरला तो घाई नसलेला. डिसेंबर १९६६ मध्ये क्नुट क्लोस्टर आणि टेड अ‍ॅरिसन यांनी 'सनवर्ड' हे जहाज मायामीहून कॅरिबियन फेऱ्यांसाठी सोडले. १९७२ मध्ये अ‍ॅरिसन यांनी एक जुने अटलांटिक जहाज विकत घेऊन 'कार्निव्हल' कंपनी काढली. मध्यमवर्गाला परवडणारा समुद्रावरचा रिकामा दिवस येथून सुरू होतो. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीवर निघालेले 'आयकॉन ऑफ द सीज' सुमारे ३६५ मीटर लांबीचे आहे. अशा जहाजावर नाट्यगृह, तरणतलाव, बाजार सारे असते, आणि समुद्र खिडकीतून पाहावा लागतो.

विमानाने अटलांटिकवर जे केले, ते आपल्या किनाऱ्यावर मोटारीने आणि रेल्वेने केले. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघून रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीला येणारी बोट वाचकांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. १९६० नंतरच्या काळात 'कोंकण शक्ती' आणि 'कोंकण सेवक' ही नावे घराघरांत ठाऊक होती. वळकटी पसरून डेकवर जागा धरणे, बोट लागून डोके धरून बसलेली माणसे, मध्यरात्री भर पाण्यात शिडीवरून पडावात उतरणारे चाकरमानी, हे सारे त्या प्रवासात होते. त्याला विहार म्हणण्याचे कोणाच्या मनातही आले नसते. पावसाळ्यात ही वाहतूक बंद राही, आणि का राही हे १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली तेव्हा किनाऱ्याने कायमचे शिकून घेतले होते. पुढे बोट बंद झाली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' हे जहाज मुंबई–गोवा मार्गावर आले तेव्हा पाणी तेच होते, एका रात्रीचे अंतरही तेच होते. पण तिकीट काढणारा आता गावी जाण्यासाठी नव्हे, तर जहाजावर राहण्यासाठी चढत होता. शंभर वर्षांपूर्वी बालिन यांनी जो पालट घडवला, तो आमच्या किनाऱ्याने एका पिढीच्या आत पाहिला.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे वळू. हे सुख आणून दिले कोणी? याचे उत्तर शोधण्यासाठी आम्हा गोमंतकीयांना दूर जावे लागत नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर हिंदी खलाशांची, म्हणजे 'लास्करां'ची, कामे जातिधर्माप्रमाणे आणि प्रदेशाप्रमाणे वाटलेली होती. 'पी अँड ओ'च्या बोटींवर डेकचे काम रत्नागिरीकडचे मुसलमान व गुजरातचे खारवी करीत. इंजिनाच्या धगीपाशी प्रामुख्याने पंजाबी आणि पठाण असत. भटारखाना आणि जेवणघर गोव्याच्या ख्रिस्ती आचाऱ्या-वाढप्यांच्या हाती असे. गोमांस, डुकराचे मांस वा मद्य हाताळण्यास त्यांना धर्माची आडकाठी नव्हती, हे त्याचे साधे कारण. प्रजा पोर्तुगीजांची आणि चाकरी इंग्रजांच्या जहाजावर, असे त्यांचे दुहेरी जिणे. १८९४ च्या कायद्याने ब्रिटिश खलाशाला जहाजावर ७२ घनफूट जागा ठरवून दिली होती. लास्करासाठीचे प्रमाण ३६ घनफुटांचे होते. वेतनातली तफावतही अशीच मोठी. वरच्या डेकवर आरामखुर्ची जितकी ऐसपैस, तितकी तळाची झोपण्याची जागा आखडती.

कोकणीत या माणसाला 'तारवटी' म्हणतात. मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत त्यांच्या गावोगावच्या कुडी होत्या, आणि त्यांतील कित्येक आजही आहेत. वेदीसमोर संध्याकाळची प्रार्थना, भिंतीकडेला ओळीने लावलेल्या पेट्या आणि पुढच्या बोटीची वाट पाहणारी माणसे, असे त्या कुडींचे रूप. १८९२ मध्ये मुंबईतच जन्मलेल्या तियात्राने तारवट्याला आणि मागे राहिलेल्या त्याच्या बायकोला रंगमंचावर जागा दिली. साष्टी-बारदेशातील कितीतरी घरे, मुलांची शिक्षणे, बहिणींची लग्ने या पैशावर झाली. आमच्या मराठी प्रवासवर्णनांत मात्र बोटीवरचा वाढपी क्वचितच भेटतो. भेटलाच तर त्याच्या हातातला चहाचा पेला तेवढा दिसतो. हा दोष आम्ही आमच्याकडेही घेतो. शेजारच्या वाड्यावरचा माणूस दहा-दहा महिने कोठे जातो, हे आम्ही फार उशिरा विचारले.

विचारण्याची वेळ आणली ती २०२० च्या साथीने. फेब्रुवारीत जपानमधील योकोहामा येथे 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज विलगीकरणात अडकले. त्यावरील ३,७११ जणांपैकी ७००हून अधिकांना लागण झाली. जहाजावर १३८ भारतीय होते. त्यांतील प्रवासी केवळ ६ आणि कर्मचारी १३२. प्रवासी खोल्यांत बंद होते आणि त्यांच्या दारापर्यंत जेवण पोचवण्याचे काम कर्मचारीच करीत होते. त्याच एप्रिलमध्ये 'मरेला डिस्कव्हरी' या जहाजावरील भारतीय कर्मचारी मुंबईचा किनारा जवळ असूनही उतरण्याच्या परवानगीची वाट पाहत समुद्रातच थांबले होते. अशा कर्मचाऱ्यांत गोव्याचे तरुण होते, आणि त्यांच्या आईवडिलांनी इकडे रोज दूरध्वनीपाशी काढलेले ते आठवडे गोव्याने पाहिले आहेत. समुद्रावरचा रिकामा दिवस तेव्हा त्यांच्या वाट्याला आला, पण त्यात विसावा नव्हता.

परिस्थिती शंभर वर्षांपूर्वीची राहिलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. २००६ चा सागरी श्रमकरार २०१३ मध्ये अमलात आला आणि २०१५ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. त्याप्रमाणे खलाशाला चोवीस तासांत निदान १० तास आणि आठवड्यात निदान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. एकाच जहाजावर एकाची विश्रांती मोजावी लागत नाही आणि दुसऱ्याची तासांनी मोजून कायद्याने राखावी लागते, एवढे या आकड्यांतून दिसते. तरीही मोजली जाते, हे काही थोडे नाही.

हे सारे लिहिण्यामागे कोणाच्या सुखावर विरजण घालण्याचा आमचा हेतू नाही. समुद्राकडे निर्हेतुक पाहत बसण्याची संधी माणसाला फार कष्टाने, फार उशिरा मिळाली आहे. ती ज्याला लाभेल त्याने अवश्य घ्यावी. आमचे मागणे निराळे आहे. प्रवाशांनी आपला इतिहास पुस्तकांत लिहून ठेवला. तारवट्यांचा इतिहास पेट्यांत आहे: नोकरीच्या नोंदीची जीर्ण पुस्तके, जहाजाच्या शिक्क्याची पत्रे, गणवेशातला एखादा फोटो, परदेशी बंदराहून आणलेली चिनी मातीची बशी. जुनी घरे पाडली जात आहेत आणि या पेट्या भंगारात जात आहेत. आमच्या सभासदांपैकी ज्यांच्या वाड्यावर असा एखादा वृद्ध तारवटी हयात असेल, त्यांनी त्याच्याशेजारी एक दुपार बसावे आणि तो सांगेल ते उतरवून घ्यावे. भाषा कोकणी असो वा मराठी, आपल्या किनाऱ्याचा तो दस्तऐवज आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रिकाम्या दिवसांसाठी राबलेल्या माणसाला आपली एक रिकामी दुपार देणे फारसे अवघड नाही.