हॉलंडमधील प्राणिचित्रे

चित्रकलेचा आश्रयदाता पालटला की तिचा विषयही पालटतो. आपल्याकडे देवालये व राजदरबार यांनी शिल्पी-चितारी पोसले; युरोपातही चर्च हा चित्रकाराचा मोठा आधार होता. नेदरलँड्समध्ये १५६६ साली मूर्तिभंजनाची लाट उसळली आणि पुढे कॅल्व्हिनपंथीयांनी आपल्या चर्चमधून चित्रे वर्ज्य केली. तेव्हा चित्रकारास नवा यजमान शोधणे प्राप्त झाले. तो त्यास व्यापारी व सुखवस्तू कारागीर यांच्या घरी लाभला.

या यजमानास आपले नित्याचे जग भिंतीवर हवे होते, आणि त्या जगात गुराढोरांचे मोल मोठे होते. व्यापाऱ्यांच्या भांडवलावर १६१२ साली बेम्स्टर सरोवर कोरडे करण्यात आले. अशा उपसलेल्या भूमीवर कुरणे वाढली. लोणी व चीज यांचा व्यापार भरभराटला. पाउलुस पॉटर याने १६४७ साली रंगविलेला वळू याच समृद्धीचे अपत्य होय. हेग येथील हे चित्र सुमारे ३.४ मीटर रुंद आहे. एवढा पट एरवी देवकथांना व वीरपुरुषांना मिळे. येथे तो वळूला, त्याच्याभोवतीच्या माश्यांना आणि गवतातील बेडकाला मिळाला. वळूचे अवयव मात्र निरनिराळ्या वयांच्या जनावरांवरून घेतलेले आहेत.

प्राणी डोळ्यांपुढे ठेवून पाहण्याची शिस्त त्याआधीच रुजली होती. लायडन येथे १५७५ साली विद्यापीठ स्थापन झाले. तेथे वनस्पतिउद्यान उभे राहिले, सृष्टीतील नवलांचा संग्रह करणे हा सुशिक्षितांचा छंद झाला. याक डी गाइन याने उंदीर व बेडूक यांसारखे क्षुद्र जीवही अनेक बाजूंनी, अंगावरील केसांसह रेखाटले.

या कुतूहलाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. रेम्ब्रांटने १६३७ साली काळ्या खडूने हत्ती रेखाटला. त्याच वर्षी डच ईस्ट इंडिया कंपनीने गोव्यानजीक वेंगुर्ल्यास वखार घातली. चित्रातील प्राणी म्हणजे याच कंपनीने १६३३ मध्ये सिंहलद्वीपाहून आणलेली हान्स्केन नावाची हत्तीण, असे अभ्यासक मानतात. तिच्या सैल कातडीची प्रत्येक वळी रेम्ब्रांटने जिवंत केली. पण समाजाने तिला जत्रांतून पैशासाठी फिरविले. १६५५ साली ती फ्लॉरेन्समध्ये मरण पावली. तिचा सांगाडा तेथील संग्रहालयात आहे, आणि २०१३ साली शास्त्रज्ञांनी तोच आशियाई हत्तीच्या जातीचा प्रमाण नमुना ठरविला. व्यापाराने तिचे नवल विकले; कलेने व शास्त्राने तिची ओळख जपली.