तान्हेपणी ओसरणारा आजार
हिमोग्लोबिनच्या सदोष प्रकारांना गावांची नावे देण्याची प्रथा जुनी. झुरिक, कोलोन, ब्रिस्टल यांच्या पंक्तीत १९७५ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पूल हे बंदर येऊन बसले. आम्हांला मात्र त्याची कथा निराळी वाटते. येथे दोष गर्भाच्या हिमोग्लोबिनात होता. गॅमा साखळीत १३०व्या जागी ट्रिप्टोफॅनऐवजी ग्लायसिन आले. रेणू अस्थिर झाला, तांबड्या पेशी फुटू लागल्या आणि नवजात बालकाला रक्तक्षय जडला. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाची जागा बीटा साखळी घेते. म्हणूनच असा आजार आपोआप ओसरतो. जनुकातील दोष मात्र राहतो व पुढील पिढीत उतरू शकतो. मोठ्यांच्या निरोगी रक्तात त्याची खूण सहसा सापडत नाही; ती तान्ह्याच्याच रक्तात शोधावी लागते.