‘श्यामची आई’ पाहून रडू आलं नाही, तर?

रविवारची दुपार. वरण-भात झालाय, बाहेर एक तर बर्फ आहे, नाहीतर पंचेचाळीस डिग्री ऊन. बाबा टीव्हीवर ‘श्यामची आई’ लावतात. ‘सुवर्णकमळ मिळालेला पहिला सिनेमा आहे, बघ तरी!’ दोन तासांनी आई-बाबा डोळे पुसत असतात आणि तुम्ही हळूच फोनमध्ये किती वाजले ते बघत असता. वर मनात एक बारीकशी बोच: आपल्याला काहीच कसं वाटलं नाही? आपण मराठी म्हणून कमी पडतोय का?

नाही. तुम्हाला कंटाळा आला, यात तुमचा काही दोष नाही. पण तो का आला, हे शोधायला गेलं की बराच इतिहास हाताला लागतो.

आधी त्या पुरस्काराचं बघू. बाबांचं थोडंसं चुकतंय. १९५३च्या चित्रपटांसाठी १९५४मध्ये पहिल्यांदा राष्ट्रीय पुरस्कार दिले गेले, तेव्हा ‘सुवर्णकमळ’ हे नाव नव्हतं. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं ते राष्ट्रपतींचं सुवर्णपदक. त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्तेचं प्रशस्तिपत्र मिळालं, म्हणजे मान पदकाच्या खालचा. आज दोन्ही पाहिलेत तर कदाचित तुम्ही निकाल उलटा द्याल. पण हे पुरस्कार सुरू करताना कलेबरोबर शैक्षणिक आणि सांस्कृतिक मूल्यही बघायचं ठरलं होतं. स्वतंत्र होऊन सातच वर्षं झालेल्या देशाला ‘चांगला नागरिक घडतो कसा?’ हा प्रश्न पडलेला होता. गरीब घर, कर्जात बुडालेला बाप, आणि तरीही मुलाला खरेपणा शिकवणारी आई: त्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर कुठलं मिळणार?

तुमचा प्रश्न मात्र वेगळा आहे. वयात येण्याची गोष्ट म्हटली की आपल्याला वाटतं, मूल घराशी भांडेल, चुकेल, स्वतःचं काहीतरी शोधेल. सुजय डहाके यांचा ‘शाळा’ आठवा. श्यामच्या गोष्टीत बंडाला जागाच नाही. पाण्याला घाबरून लपला, तर मार खाऊन पोहायला शिकतो. चूक केली, तर आईपुढे कबूल करतो. दर वेळी आईचंच बरोबर. आणि आईला स्वतःला काय हवं होतं, हे कुणी विचारत नाही. ती खपते, सोसते आणि जाते. हे तुम्हाला खटकलं असेल, तर ते खटकण्यासारखंच आहे.

खटकणारी आणखी एक गोष्ट मूळ पुस्तकात आहे. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची मोळी खाली पडते आणि कुणी तिला हात लावायला तयार नसतं. आई श्यामला म्हणते, जा, उचलून दे. पण घरी आल्यावर आंघोळ कर, असंही सांगते. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. दया आहे, पण विटाळही शाबूत आहे. पुस्तकाच्या कौतुकात हा ‘पण आंघोळ कर’ बहुतेक वेळा गाळला जातो.

आता हे पुस्तक लिहिणारा माणूस बघा. पांडुरंग सदाशिव साने, जन्म १८९९, कोकणातलं पालगड. खान्देशात अंमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि वसतिगृहातली, म्हणजे घरापासून लांब राहणारी पोरं सांभाळायचे. पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेले. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी लिहून घेतली. १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या काही दिवसांत, ‘श्यामची आई’ लिहून काढली. तेव्हा त्यांचं वय होतं तेहतीस, आणि आईला जाऊन पंधरा वर्षं उलटली होती.

हे वय लक्षात ठेवा. पुस्तकात मोठा झालेला श्याम रोज रात्री आपल्या मित्रांना आईबद्दल सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत. म्हणजे ही लहान मुलाची गोष्ट कमी आणि मोठ्या माणसाची आठवण जास्त. आठवणीत आई चुकत नाही. तुमच्या आजीबद्दल बाबा कसं बोलतात, ते ऐका एकदा! चित्रपटात आपल्यासमोर बहुतेक वेळ छोटा श्याम असतो, माधव वझे यांनी केलेला, आणि वनमाला यांची आई. त्यामुळे आठवणीतली आई आपल्याला खरीखुरी आई म्हणून बघावी लागते, आणि तिथे ती जरा जास्तच देवी वाटते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आई गेली तेव्हा श्याम तिच्याजवळ नव्हता. शिकायला दूर होता. पोचला तोवर उशीर झाला होता. सगळं पुस्तक या उशिराच्या पोटातून आलंय.

आता परत तुमच्या दिवाणखान्यात या. आई-बाबा नक्की कशासाठी रडत होते? आम्हाला वाटतं, श्यामच्या सद्गुणांसाठी नव्हे. शिकायला किंवा नोकरीसाठी घर सोडलेल्या प्रत्येकाच्या मनात ती एक भीती असते: रात्री-अपरात्री येणारा फोन, ऐन वेळी न मिळणारं तिकीट, आणि आपण पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. कोकणातून मुंबईच्या गिरणीत आलेल्या आणि गावी मनीऑर्डर धाडणाऱ्या चाकरमान्याला ती भीती ठाऊक होती. न्यू जर्सीतल्या किंवा दुबईतल्या तुमच्या आई-बाबांनाही आहे. तुम्हाला अजून नाही, कारण तुमची आई शेजारच्या सोफ्यावर बसलीय. चांगलंच आहे की!

श्यामचं खरं ‘मोठं होणं’ मात्र या गोष्टीनंतर घडलं. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केलं. मागणी एकच: विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं करा. दहा दिवसांनी ते सुटलं. मोळी उचलून दिल्यावर आंघोळ करायला लागलेला तो मुलगा इथवर आला होता. आईनं शिकवलेली दया त्यानं ठेवली आणि विटाळ टाकून दिला. घराशी न भांडता घराच्या पुढे जाणं, हीसुद्धा वयात येण्याचीच एक तऱ्हा.

२०२३मध्ये सुजय डहाके यांनीच ‘श्यामची आई’ पुन्हा केला, मुद्दाम कृष्णधवल. त्यालाही उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तोही बघा, आणि नाही आवडला तर तसं खुशाल सांगा.

फक्त एक करा. पुढच्या वेळी सिनेमा संपल्यावर आई-बाबांना ‘यात एवढं काय आहे?’ असं विचारू नका. ‘तुम्ही हा पहिल्यांदा पाहिला तेव्हा कुठे होतात? आजी कुठे होती?’ असं विचारा. मग फोन बाजूला ठेवा. जी गोष्ट सिनेमात सापडली नाही, ती तिथून सुरू होईल.